केबल ठेवायची की काढायची? आमच्या अमळनेरच्या घराचा हिशोब

मार्च 2025 संपता संपता केबलवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. 1 एप्रिलपासून खालच्या टीव्हीचे 350 चे 390 आणि वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचे 250 चे 280. दोन्ही मिळून महिन्याला 670, म्हणजे वर्षाला आठ हजारांच्या वर. त्याच्याकडूनच घेतलेल्या फायबर इंटरनेटचे जीएसटीसकट 590 वेगळे. नवरा सुरतला कामाला, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, सासरे (नाना), सासू (बाई) आणि नववीतली मुलगी. चौघांच्या टीव्ही आणि नेटवर बाराशे साठ रुपये महिना जातात हे त्या मेसेजमुळे पहिल्यांदा एका ओळीत लिहिलं गेलं, आणि नानांनीच विचारलं, "एवढं बघतो तरी कोण?"

म्हणून आधी तेच मोजलं. नानांनी जुन्या डायरीची मागची पानं दिली, टीव्हीच्या टेबलाला दोरीने पेन बांधला. जो चॅनेल लावेल त्याने नाव लिहायचं. बाई स्वतः लिहायच्या नाहीत, नातीला हाक मारून लिहायला लावायच्या. आठवड्याअखेर अडीचशेच्या घरात चॅनेल असलेल्या पॅकेजमधून पानावर अकरा नावं आली होती. त्यात बाईंच्या मालिकांचे तीन चॅनेल, नानांच्या बातम्या, सकाळचं कीर्तन, सह्याद्री, क्रिकेट आणि दुपारचे जुने हिंदी सिनेमे. वरचा टीव्ही मुलगी आणि मी लावतो, आणि त्यावर केबल लागलीच नव्हती. सगळं यूट्यूब. तरी त्या न लागलेल्या केबलचे 280 जात होते.

आता थोडं नियमांचं, कारण ते कळल्याशिवाय केबलवाल्याशी बोलण्यात अर्थ नाही. केबलचं बिल दोन तुकड्यांचं असतं. एक नेटवर्कचं भाडं, ज्याला बिलावर एनसीएफ लिहितात, आणि दुसरा पैसे द्यावे लागणाऱ्या चॅनेलचा दर. 2019 मध्ये ट्रायची, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाची, नवी पद्धत लागू झाली तेव्हा 100 चॅनेलपर्यंत भाडं जास्तीत जास्त 130 होतं, पुढे त्याच 130 मध्ये 200 चॅनेल आले. जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. फुकटचे, म्हणजे फ्री टू एअर चॅनेल यातच येतात, दूरदर्शनचे सक्तीचे चॅनेल वर वेगळे. जुलै 2024 मध्ये ट्रायने 130 ची मर्यादा काढली. आता केबल कंपनी हा दर स्वतः ठरवते, पण तो जाहीर करावा लागतो. आमच्या कंपनीने वेबसाइटवर 130 च ठेवला होता.

पैसेवाल्या चॅनेलची किंमत शोधायला कुठे जायची गरज नाही. रिमोटवरचं गाइडचं बटण दाबलं की नावाशेजारी दर दिसतो. कुठे 19, कुठे 5, कुठे शून्य. नाना चष्मा लावून टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टुलावर बसले आणि एकेक खाली सरकवत गेले. तेलुगू, बांगला, इंग्रजी सिनेमे, दोन-दोन लहान मुलांचे. शून्यवाल्यांवर ते काही बोलत नव्हते. ज्यापुढे आकडा आहे आणि आपण कधी बघितलं नाही, त्यावर "हाई कोन बघस?" असं अहिराणीत विचारत होते. अर्ध्या तासात त्यांना जे कळलं ते मला समजावून सांगायला आठवडा लागला असता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागदावर अकरा नावं लिहून मी केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. पोरगा चांगला आहे. आमच्याकडे वायर तुटली की भर उन्हात खांबावर चढणारा तोच. पण म्हणाला, "ताई, असं सुटं नसतं. पॅकेजच घ्यावं लागतं."

असतं. सुटे चॅनेल देणं बंधनकारक आहे. त्याच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट मात्र होती: सुटं नेहमीच स्वस्त पडत नाही. चॅनेल चालवणाऱ्या एकाच कंपनीचे चार-पाच चॅनेल हवे असतील तर त्यांचा गठ्ठा बराच कमी दरात मिळतो, त्यावर 45 टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा आहे. 19 च्या वर दर असलेला चॅनेल गठ्ठ्यात टाकता येत नाही, म्हणून बरेच मोठे चॅनेल नेमके 19 वर येऊन थांबलेत. असे पाच सुटे घेतले तर 95 आणि जीएसटी, म्हणजे 112 रुपये 10 पैसे. नेटवर्क भाडं धरून साडेदोनशेच्या पुढे. तेव्हा ऑफिसात जाताना नुसती नावं नेऊ नका. कोणता चॅनेल कोणत्या कंपनीचा आणि त्या कंपनीचा सगळ्यात लहान गठ्ठा कितीचा, हेही लिहून न्या.

त्याचा नकार कुठून येतो हेही नंतर कळलं. सिग्नल पुरवणारी वरची मोठी केबल कंपनी आणि गावातला केबलवाला यांच्यात वेगळा करार नसेल तर नेटवर्क भाड्याचे 55 टक्के कंपनीला आणि 45 टक्के त्याला. 130 मधले साडेअठ्ठावन्न. त्यात वायर, खांब, पोरांचे पगार, आणि दर महिन्याला कुणीतरी कनेक्शन सोडणार. अकरा नावांची चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याला का आवडावं?

त्याने टोलवल्यावर मी मुख्य कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. हा नंबर बॉक्सवर चिकटवलेला असतो, नसेल तर चॅनेल नंबर 999 लावून बघा, तिथे ग्राहकांसाठीची माहिती असते. फोनवर बोलणारीने बॉक्सचा नंबर विचारला, तक्रार नोंदवली आणि म्हणाली, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी आलाय. माझ्या फोनवर काही नाही. नानांच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. शेवटचे चार आकडे विचारले तर ते केबलवाल्याच्या ऑफिसचे निघाले.

अख्ख्या गल्लीचं असंच आहे. बॉक्स आले तेव्हा फॉर्म भराभर भरले, मोबाइलच्या रकान्यात ऑफिसचा नंबर टाकला. म्हणजे कागदावर आमचं कनेक्शन होतं, पण त्यात बदल करण्याची किल्ली दुसऱ्याकडे. तुम्ही काहीही करणार असाल तर पहिलं काम हे: टोल फ्रीवर फोन करून आपल्या बॉक्सवर कोणाचा मोबाइल लावलाय ते विचारा. बदलायला नानांच्या आधारची झेरॉक्स, अर्ज आणि ऑफिसचा शिक्का लागला. पोराने कुरकुर न करता शिक्का दिला, पण वरून बदल व्हायला एप्रिल संपत आला. तक्रार केली की नंबर मिळतो, तो तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या फोनला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. त्यावरही काही झालं नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी (न सुटलेल्या तक्रारी बघणारा), आणि मग ग्राहक हेल्पलाइन 1915. ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत बसत नाही, तिकडे मेल पाठवण्यात वेळ घालवू नका.

दरम्यान दुसरा विचार सुरू झाला होता. एवढं करण्यापेक्षा केबल काढूनच टाकली तर? काढायच्या आधी तात्पुरती बंद ठेवता येते, त्यासाठी पंधरा दिवस आधी लेखी द्यावं लागतं. मी एप्रिलच्या मध्यालाच अर्ज देऊन पोच घेतली आणि 1 मेपासून महिनाभर दोन्ही बॉक्स बंद ठेवले.

त्याआधी गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी मिळून 1,800. पुढे महिन्याला काहीच नाही. ही सेवा दूरदर्शनने डिसेंबर 2004 मध्ये सुरू केली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. बॉक्स घेताना एमपीईजी-4 वाला मागा, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनेल लागत नाहीत. आपल्याकडून उपग्रह आग्नेयेला, बराच वर येतो. आमच्या गच्चीच्या त्याच कोपऱ्यावर शेजारच्यांचा कडुनिंब झुकलेला. बसवणाऱ्याने भर एप्रिलच्या दुपारी छत्री दोन जागा हलवली, खाली मुलगी टीव्हीसमोर उभी राहून सिग्नलची पट्टी ओरडून सांगत होती, आणि शेवटी जिन्यावरच्या खोलीच्या छपरावर जागा सापडली. पट्टी हिरवी झाल्यावर त्याने स्क्रू आवळले आणि खडूने भिंतीवर खूण केली. वाऱ्याने हलली तर कुठे आणायची ते कळावं म्हणून.

मालिकांच्या चॅनेलसाठी अ‍ॅप. तेव्हा जिओहॉटस्टारचा टीव्हीवर चालणारा प्लॅन तीन महिन्यांना 299 होता, तो घेतला. पण बाईंचे तीन चॅनेल एकाच अ‍ॅपवर नाहीत. झी मराठीसाठी झी5, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. प्रत्येकाचे पैसे वेगळे. केबल सोडून अ‍ॅपवर जाताना हा हिशोब कोणी आधी सांगत नाही.

मग आला मे. 7 तारखेला पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी फुटली आणि नाना टीव्हीसमोरून हलेनात. यूट्यूबवर मराठी बातम्यांचे चॅनेल लाइव्ह आणि फुकट दिसतात, त्यामुळे तसं अडलं नाही. अडलं ते लाइट गेल्यावर. घरात इन्व्हर्टर आहे, टीव्ही चालतो, राउटर चालतो, पण नेट बंद. कारण फायबरचं मशीन ज्या चौकात आहे तिथे लाइट नसते आणि त्याची बॅटरी फार टिकत नाही. केबललाही हेच व्हायचं. त्या दिवसांत फ्री डिश एकटी चालत राहिली, कारण तिला मधे कोणी नाही. आपल्याकडच्या मेमध्ये हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. उलट जूनमध्ये धो धो पाऊस आला की तीच पहिली जाते.

8 मेला वैशाख शुद्ध एकादशी, म्हणजे संत सखाराम महाराजांचा रथ. बाईंचे गुडघे गेलेत, बोरीच्या पात्रात यात्रेला जाणं दोन वर्षांपासून बंद. केबलवाल्याचा लोकल चॅनेल असतो, एरवी त्यावर साड्यांच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरत असतात, पण रथ तो पूर्ण दाखवतो. फ्री डिशवर तो चॅनेल नाही, कुठल्याच अ‍ॅपवर नाही. बाईंनी रिमोटवर नेहमीचा नंबर दाबला. त्या रिमोटवरचे आकडे केव्हाच पुसलेत, त्या बोटाच्या सवयीने दाबतात. पडद्यावर काहीतरी भलतंच लागलं. "मना नंबर कथा गया?" (माझा नंबर कुठे गेला?) त्या म्हणाल्या. मुलीने कोणाच्या तरी फेसबुक लाइव्हवर रथ शोधून दिला, पण चित्र अडकत होतं आणि दाखवणारा स्वतःच गर्दीत ढकलला जात होता. शेवटी बाई शेजारच्यांकडे जाऊन बसल्या. त्यांच्याकडे केबल आहे.

नानांची अडचण वेगळीच. आयपीएल चालू होती (9 मेला थांबली, आठवड्याने पुन्हा सुरू झाली) आणि त्यांना फ्री डिशच्या डीडी स्पोर्ट्सवर ती हवी होती. तिथे आयपीएल येत नाही. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने हक्क घेणाऱ्या कंपनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागतात. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने त्यात येतात. गंमत पुढे आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वाटून घेतलेलं हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डिशवाल्यांना ते द्यायचं नाही. म्हणजे महिन्याला 390 भरणाऱ्याच्या घरी सामन्याच्या वेळी दूरदर्शनचा चॅनेल दुसरंच काही दाखवतो, आणि एकदाच 1,800 भरणाऱ्याच्या घरी भारताचा सामना दिसतो. नाना इतकी वर्षं केबलवर हे बघत आलेत आणि केबलवाल्याला शिव्या घालत आलेत. त्याचा दोष नव्हता.

अ‍ॅपचं बाईंना जमलं का? बोटं चालवता येणं हा प्रश्नच नव्हता, दोन दिवसांत त्या सगळं शिकल्या. त्यांना ते नको होतं. टीव्ही लावला की आधी कोणाचं खातं ते विचारतो, मग चित्रांची रांग, मग काल कुठे थांबला होता ते. "हाई तं दुकान शे, टीव्ही कथी शे?" (हे तर दुकान आहे, टीव्ही कुठे आहे?) असं म्हणून त्यांनी रिमोट ठेवला. भाजी निवडता निवडता समोर काहीतरी चालू असावं, ते आपण निवडलेलं नसलं तरी चालेल, एवढीच त्यांची मागणी. फक्त यूट्यूबवरच्या अहिराणी विनोदी व्हिडिओंना त्यांनी आपण होऊन मान दिला. ते केबलवर कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाहीत, कितीही भरा.

मे संपला तेव्हा निर्णय सोपा होता. खाली केबल राहणार, पण चिठ्ठीतल्या चॅनेलची. वरची बंद.

जूनमध्ये मोबाइल नंबर आमच्या नावावर झालेला असल्यामुळे काम सरळ झालं. टोल फ्रीवर फोन, ओटीपी, एका कंपनीचा लहान मराठी गठ्ठा आणि बाकीचे सुटे. क्रिकेटचा चॅनेल नानांनी स्वतः खोडला. भारताचे सामने फ्री डिशवर, आयपीएल अ‍ॅपवर. पैसेवाल्या चॅनेलचे 74, नेटवर्कचे 130, एकूण 204, जीएसटी धरून 240 रुपये 72 पैसे. पहिल्या महिन्यात एक सिनेमाचा चॅनेल लागलाच नाही आणि जुनं पॅकेज निम्मं तसंच राहिलं. बदल केल्यावर लगेच गाइड उघडून नको असलेले चॅनेल खरंच बंद झालेत का ते तपासा. बिलावर विश्वास ठेवून बसलात तर महिना निघून जातो.

वरच्या बॉक्सने जुलै खाल्ला. 2016 च्या सुमारास आमच्या भागात बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा नानांनी प्रत्येकी 1,400 भरले होते. पावती एलआयसीच्या फाइलमध्ये जपून ठेवलेली. तिच्यावर फक्त "अ‍ॅक्टिव्हेशन" लिहिलंय. डिपॉझिट नाही, विक्रीही नाही. ऑफिसात म्हणाले, बॉक्स तुमचाच, ठेवा. आमचाच आहे तर दुसऱ्या कंपनीकडे चालेल का? नाही. बॉक्स ज्या कंपनीचा त्याच कंपनीवर चालतो. कंपनी बदलली तरी चालतील असे बॉक्स असावेत, अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली होती. आमच्या माळ्यावरच्या बॉक्सला त्याचा काही उपयोग नाही. भाड्याने घेतलेला बॉक्स असेल आणि पावतीवर डिपॉझिट स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मात्र परत करून पैसे मागा.

कनेक्शन बंद करताना तोंडी सांगू नका. बॉक्सचा नंबर लिहून अर्ज द्या, बाकी शून्य असल्याचं त्याच्या पोचपावतीवर लिहून घ्या आणि बंद झाल्याचा एसएमएस येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आमच्याकडे अर्ज दिल्यावरही जुलैच्या 280 ची मागणी आली होती. पोच दाखवल्यावर ती गेली.

आताचा हिशोब असा: 670 च्या जागी 241. जिओहॉटस्टार वर्षाच्या प्लॅनवर नेला, त्याचे 2025 च्या दराने महिन्याला 75 पडतात. झी5 आणि सोनी लिव्ह घेतलेच नाहीत, ते चॅनेल केबलवर आहेत. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वाचतात, आणि फ्री डिशचे 1,800 सहा महिन्यांच्या आत सुटतील. घरात बाई नसत्या तर मी केबल पूर्ण काढली असती. आणि एकट्या राहणाऱ्या, नेट नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी आधी फ्री डिश सुचवेन, तिच्यावर मराठी कमी असलं तरी. लिलावात जागा मिळेल तसे तिच्यावरचे खासगी चॅनेल बदलत राहतात, एवढं मात्र आधी सांगून ठेवेन.

ऑगस्टच्या पावतीबरोबर पोराने चॅनेलची छापील यादी आणून दिली, मी न मागता. गल्लीतल्या दोघी तिची झेरॉक्स घेऊन गेल्यात. त्यातल्या एकीच्या घरी सूनबाई नवापूरकडची आहे, तिला गुजराती चॅनेल लागतात, त्यामुळे तिचा आकडा वेगळा येईल. रविवारी ती पॅकेजचं बिल घेऊन बसणार आहे, नानांनी डायरी काढून ठेवलीय.